चौक दिसला, पण चौकात येणारे रस्ते?
(‘द स्क्वेअर’ हा माहितीपट पुन्हा पाहताना)

२०१४ च्या हिवाळ्यातली गोष्ट. ऑस्करच्या आधीचा एक शनिवार, बाहेर गुडघाभर बर्फ आणि आमच्या बेसमेंटमध्ये दोन कुटुंबं. एक आमचं आणि दुसरं माझ्या तेव्हाच्या प्रोजेक्टवरच्या एका इजिप्शियन सहकाऱ्याचं. गडी पक्का कैरोचा. साबुदाणा वडा आयुष्यात पहिल्यांदाच खात होता आणि ‘हा आमच्या तामियाचा चुलतभाऊ दिसतोय’ असं म्हणत चौथा उचलत होता. (तामिया म्हणजे तिकडचा वाटलेल्या शेंगदाण्यांचा नव्हे, तर बाकल्याच्या डाळीचा वडा. वड्यावाचून कुठल्याच संस्कृतीचं चालत नाही, हे माझं जुनंच मत आहे!)

निमित्त होतं जेहान नुजैम यांच्या ‘द स्क्वेअर’ या माहितीपटाचं. त्या वर्षी त्याला ऑस्करचं नामांकन होतं. अरबी नाव ‘अल मिदान’. हा मिदान म्हणजे आपलं मैदानच. कैरोच्या तहरीर चौकात २५ जानेवारी २०११ ला लोक जमले आणि अठरा दिवसांत, ११ फेब्रुवारीला, जवळजवळ तीस वर्षं सत्तेवर असलेले होस्नी मुबारक पायउतार झाले. तिथपासून २०१३ च्या उन्हाळ्यापर्यंतची ही कथा.

चित्रपट संपल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग माझा मित्र एवढंच म्हणाला, “चौक दाखवला, सुंदर दाखवला. पण चौकात येणारे रस्ते कुणी दाखवायचे?”

तेव्हा मला वाटलं, घरापासून दूर असलेल्या माणसाची ही हळवी तक्रार असेल. आपलं नाही का, मुंबईवर कुणीही सिनेमा काढला तरी ‘आमच्या गिरगावाचं काही दाखवलंच नाही’ असं होतंच. पण मध्ये इतकी वर्षं गेली, आणि गेल्या उन्हाळ्यात माझ्या मुलीला कॉलेजच्या एका असाइनमेंटसाठी हाच चित्रपट पाहायचा होता, म्हणून आम्ही दोघांनी तो पुन्हा पाहिला. बेसमेंट तेच, टीव्ही मोठा. शेवटी तिनं विचारलं, “बाबा, एवढे चांगले लोक होते, मग हरले कसे?” मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं, की चित्रपटातून मला या प्रश्नाचं उत्तर देता येत नाहीये. त्या दिवशी मित्राचं वाक्य नीट कळलं. हा लेख म्हणजे मुलीला तेव्हा न देता आलेलं उत्तर आहे, असं समजा.

आधी चित्रपटाचं जे चांगलं आहे ते मोकळ्या मनानं सांगतो. नुजैम यांनी तीन माणसं निवडली आहेत. अहमद हसन हा गरीब घरातला, लहानपणापासून कष्ट करून शिकलेला, बोलका आणि भडक डोक्याचा तरुण. खालिद अब्दल्ला हा ‘द काइट रनर’मधला आपल्या ओळखीचा नट, ब्रिटनमध्ये वाढलेला. आणि मग्दी अशूर हा मुस्लिम ब्रदरहूडचा साधा कार्यकर्ता, मुबारक यांच्या पोलिसांचा छळ सोसलेला, मुलाबाळांचा बाप. चौकात हे तिघं मित्र होतात. पुढे राजकारण त्यांना वेगवेगळ्या बाजूंना ओढतं. संघटनेचा आदेश एक आणि मन सांगतं दुसरंच, ही मग्दीची ओढाताण मी तरी कुठल्याही राजकीय चित्रपटात इतक्या जवळून पाहिलेली नाही. खालिद परदेशात असलेल्या आपल्या वडिलांशी स्काइपवर बोलतो, ते प्रसंग तर आपण इथल्या प्रत्येकानं पाहावेत. तिकडे घरचं जळतंय आणि आपण पडद्यावर डोळे लावून बसलोय, ही भावना आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

चित्रीकरण करताना नुजैम यांना स्वतःला अटक झाली होती. २०१३ च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात चित्रपटाला प्रेक्षकांचं पारितोषिक मिळालं, आणि तरीही पुढच्या घटना पाहून त्या परत गेल्या, पुन्हा चित्रीकरण केलं आणि शेवट बदलला. हातातलं बक्षीस बाजूला ठेवून काम पुन्हा उघडणं सोपं नसतं. आमच्या धंद्यात तर ‘गो-लाइव्ह’ झालेल्या सिस्टिमला कुणी हातही लावू देत नाही!

आता तक्रार. सगळा चित्रपट चौकातून दिसतो आणि चौकातच राहतो. त्यामुळे क्रांतीनंतर जे झालं ते अहमद, खालिद आणि मग्दी यांच्यातल्या फुटीमुळे झालं, असा समज होतो. निधर्मी एकीकडे गेले, ब्रदरहूड दुसरीकडे, आणि मधल्या मध्ये लष्करानं डाव साधला. हे खोटं नाही, पण अर्धंच आहे. ते लष्कर इतकं निर्धास्त का होतं, हा प्रश्न चित्रपट विचारतच नाही. सगळ्यांना कुणाकडे ना कुणाकडे मागावं लागत होतं. पक्षांना मतं मागावी लागत होती, सरकारला कर्ज मागावं लागत होतं, चौकातल्या पोरांना औषधं आणि ब्लँकेटं मागावी लागत होती. लष्कराला मात्र आपल्याच लोकांकडे काही मागायची गरज फारशी नव्हती. त्याचं बिल बाहेरून येत होतं.

पहिला रस्ता वॉशिंग्टनचा. १९७९ च्या इस्राएलबरोबरच्या शांतता करारानंतर अमेरिका इजिप्तला मदत देऊ लागली, आणि १९८७ पासून लष्करी मदतीचा आकडा वर्षाला १३० कोटी डॉलरवर स्थिरावला. हे पैसे रोख जात नाहीत. ते अमेरिकन शस्त्रांवरच खर्च करायचे असतात. म्हणजे पैसे वॉशिंग्टनमधून निघून बहुतांशी अमेरिकेतल्याच कारखान्यांत पोचतात आणि कैरोला रणगाडे जातात. शिवाय इजिप्तला पुढच्या वर्षांच्या मदतीच्या भरवशावर आजच ऑर्डर देण्याची सवलत होती. ओबामा सरकारनं २०१५ मध्ये ही सवलत बंद करण्याचं जाहीर केलं. आमच्या क्षेत्रातल्या वाचकांना मी एका शब्दात सांगतो: व्हेंडर लॉक-इन. एकदा अशी सिस्टिम बसली की गिऱ्हाईक तर अडकतंच, पण विकणाराही अडकतो. मदत थांबवली तर आपल्याच कंपन्यांची बिलं कोण भरणार?

चौकातल्या प्रसंगांत मागे रणगाडे उभे दिसतात. त्यांत अमेरिकन बनावटीचेही होते. २०११ मध्ये आंदोलकांनी अश्रुधुराची रिकामी नळकांडी हातात धरून फोटो काढले होते. त्यांवर ‘मेड इन यूएसए’ लिहिलेलं जगानं पाहिलं. त्यांतली काही पेनसिल्व्हेनियातल्या जेम्सटाउन गावच्या कारखान्यातली होती. हा मुद्दा मी दुसऱ्या कुणाच्या नावानं बोटं मोडायला काढत नाहीये. दर एप्रिलमध्ये टॅक्स रिटर्न भरताना त्यात माझाही खारीचा वाटा असतो.

आणि हा रस्ता काही लांबचा नव्हता. अमेरिकन वकिलात तहरीर चौकापासून पायी काही मिनिटांवर आहे. उठाव सुरू झाला त्या दिवशी इजिप्तचे लष्करप्रमुख सामी अनान एक शिष्टमंडळ घेऊन वॉशिंग्टनमध्येच होते, दरवर्षीच्या बोलण्यांसाठी. त्याच दिवशी परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांनी मुबारक सरकार स्थिर असल्याचं सांगितलं. आठवड्याभरात, १ फेब्रुवारीला, ओबामा म्हणाले की सत्तांतर आत्ताच सुरू व्हायला हवं. मुबारक यांची समजूत घालायला माजी राजदूत फ्रँक विस्नर यांना पाठवलं होतं. (हे विस्नर १९९४ ते १९९७ दिल्लीत अमेरिकेचे राजदूत होते आणि नंतर एन्रॉनच्या एका कंपनीच्या संचालक मंडळावर गेले. दाभोळ प्रकरण आठवणाऱ्यांना हे नाव आठवेल.) परत आल्यावर ५ फेब्रुवारीला त्यांनी मुबारक अजून राहणं आवश्यक असल्याचं जाहीरपणे सांगितलं, आणि व्हाइट हाउसला ‘ते त्यांचं वैयक्तिक मत’ असा खुलासा करावा लागला. दोन आठवड्यांत तीन सूर! यातून मी असा निष्कर्ष काढतो, की अमेरिकेनं हा उठाव घडवलाही नाही आणि तिला तो कळलाही नाही. पण मुबारक गेल्यावर सत्ता ज्यांच्या हातात गेली, ते लष्करी मंडळ तिच्या जुन्या ओळखीचं होतं. त्यामुळे तिला फार काळजी वाटली नाही.

दुसरा रस्ता आखाताचा. २०१२ च्या जूनमध्ये ब्रदरहूडचे मोहम्मद मुर्सी सुमारे ५१.७ टक्के मतं मिळवून निवडून आले. त्यांच्या एका वर्षात कतारनं अनुदान, कर्ज आणि ठेवी मिळून साडेसातशे ते आठशे कोटी डॉलरचा आधार दिला. नाणेनिधीबरोबरच्या ४८० कोटी डॉलरच्या कर्जाची बोलणी मात्र शेवटपर्यंत अडकून राहिली. ३ जुलै २०१३ ला जनरल अब्देल फताह अल-सिसी यांनी मुर्सींना हटवलं, आणि जेमतेम आठवडा लोटतोय तोच सौदी अरेबियानं ५०० कोटी, कुवेतनं ४०० कोटी आणि संयुक्त अरब अमिरातीनं ३०० कोटी डॉलर जाहीर केले. एकूण १,२०० कोटी. म्हणजे अमेरिकेच्या लष्करी मदतीच्या नऊ पटींहून जास्त, तेही एका आठवड्यात. ज्या गल्लीत उधारी चालते तिथे दुकानदार बदलला की भाषाही बदलते. त्यानंतर वॉशिंग्टनच्या रागालोभाला कैरोत किती किंमत उरली असेल, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

तो राग तरी किती होता? निवडून आलेलं सरकार लष्करानं उलथवलं तर मदत थांबवायची, असा अमेरिकेचा कायदा आहे. सरकारनं तोड काढली: जे घडलं तो लष्करी उठाव होता की नव्हता, हे ठरवायला आम्ही बांधीलच नाही. परीक्षाच दिली नाही, म्हणजे नापास व्हायचा प्रश्न नाही. १४ ऑगस्ट २०१३ ला कैरोच्या रबा चौकात मुर्सी समर्थकांच्या धरण्यावर गोळीबार झाला. ह्यूमन राइट्स वॉचच्या मते तिथे किमान ८१७ माणसं मेली. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेनं एफ-१६ विमानांसह काही शस्त्रं रोखली आणि २०१५ च्या मार्चअखेर ती सोडलीही.

तिसरा रस्ता जुना आहे, आणि तो या चौकाखालूनच जातो. १८८२ मध्ये अहमद उराबी या लष्करी अधिकाऱ्यानं इजिप्तवरच्या परकीय आर्थिक नियंत्रणाविरुद्ध उठाव केला, तेव्हा ब्रिटिशांनी अलेक्झांड्रियावर तोफा डागल्या आणि देश ताब्यात घेतला. त्या मोहिमेत भारतातून नेलेल्या पलटणीही होत्या. चौकाच्या शेजारी, नाइलच्या काठावर, पुढे अनेक दशकं ब्रिटिश फौजेच्या बराकी होत्या. १९५२ च्या क्रांतीनंतर चौकाला तहरीर, म्हणजे मुक्ती, हे नाव मिळालं. कुणापासून मुक्ती, हे तिथल्या जुन्या लोकांना सांगावं लागत नव्हतं. चित्रपटात या नावाचा हा अर्थ कुठे तरी यायला हवा होता.

आता कुणी म्हणेल, चौकातल्या माणसांची गोष्ट सांगणाऱ्या चित्रपटाकडून राजनीतीचा पाठ का मागायचा? दिग्दर्शिकेनं निवडलेली चौकट आपण मान्य करायला हवी. एरवी मी मान्य केली असती. पण याच नुजैम यांनी २००४ मध्ये ‘कंट्रोल रूम’ केला होता. २००३ च्या इराक युद्धात त्यांनी कॅमेरा अल जझीराच्या कचेरीत तर नेलाच, पण कतारमधल्या अमेरिकन लष्कराच्या माध्यम केंद्रातही नेला, आणि तिथल्या अधिकाऱ्याला बोलतं केलं. त्याआधी एमएस करत असताना मी त्यांचा (क्रिस हेजेडस यांच्यासह केलेला) ‘स्टार्टअप डॉट कॉम’ पाहिला होता. डॉट-कॉमचा फुगा फुटून आम्हा विद्यार्थ्यांच्या नोकऱ्यांच्या ऑफर हवेत विरत होत्या, तेव्हा दोन मित्रांची मैत्री गुंतवणूकदारांच्या पैशापायी कशी ताणली जाते, हे त्यात लख्ख दिसलं होतं. म्हणजे माणसांच्या मागे उभा असलेला पैसा दाखवणं या दिग्दर्शिकेला उत्तम जमतं. ‘द स्क्वेअर’मध्ये तो नाही, तो तिला दिसला नाही म्हणून नव्हे. तिनं तो सोडून दिला.

का सोडला असावा? माझा अंदाज असा. चित्रपट आपल्यासारख्या, पाश्चात्य देशांत बसून पाहणाऱ्यांसाठी जुळवलेला आहे. इजिप्तमध्ये तो रीतसर प्रदर्शित होऊ शकला नाही. इकडे मात्र तो नेटफ्लिक्सवर आला, आणि नेटफ्लिक्सला मिळालेलं ते पहिलंच ऑस्कर नामांकन होतं. अशा प्रेक्षकाला चौकातल्या तरुणांबरोबर रडता येतं, टाळ्या वाजवता येतात. त्याच प्रेक्षकाला नळकांड्यावरचं गावाचं नाव दाखवलं, की तो नुसता प्रेक्षक राहत नाही. तो पात्र होतो. ते अवघड आहे, पण चित्रपट त्यानं मोठा झाला असता.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर मी अन्याय करीन. ‘परकीय हात’ हा सत्ताधाऱ्यांचा आवडता मंत्र आहे. १९७५ च्या आणीबाणीत आपणही तो पुरेसा ऐकलेला आहे. इजिप्तमध्ये मुबारक यांनी तो म्हटला, लष्करी मंडळानं म्हटला, पुढे सिसींनीही म्हटला. डिसेंबर २०११ मध्ये परदेशी पैशाच्या संशयावरून कैरोतल्या स्वयंसेवी संस्थांच्या कार्यालयांवर छापे पडले आणि २०१३ च्या जूनमध्ये ४३ जणांना शिक्षा झाल्या. म्हणजे वर्षाला १३० कोटी डॉलर घेणारे देशभक्त, आणि निवडणूक कशी लढवावी याचं प्रशिक्षण देणारे हस्तक! या भीतीपोटीच कदाचित नुजैम यांनी बाहेरच्या देशांचा विषय टाळला असेल. चौकातली माणसं कुणाची बाहुली नव्हती, हे त्यांना ठसवायचं होतं, आणि ते खरंच आहे. ३० जून २०१३ ला मुर्सींविरुद्ध रस्त्यावर आलेला अफाट जनसमुदाय दुबईहून पाठवलेला नव्हता. नोव्हेंबर २०१२ मध्ये स्वतःचे निर्णय न्यायालयांच्या वर ठेवणारा हुकूम मुर्सींना कुणा परक्यानं लिहून दिला नव्हता. लष्कर आपल्याला वाचवील असं मानणाऱ्या उदारमतवाद्यांची चूक त्यांची स्वतःचीच होती.

पण ‘परकीय हात नाही’ आणि ‘परकीय पैसा नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हात कठपुतळी नाचवतो. पैसा तसं काही करत नाही. तो फक्त एवढं ठरवतो, की कुणाला थांबायला परवडतं आणि कुणाला नाही. इजिप्तच्या अडीच वर्षांत सगळ्यांना घाई होती, कारण सगळ्यांची शिदोरी संपत चालली होती. लष्कराला घाई नव्हती. त्यानं वाट पाहिली. न्यूयॉर्क टाइम्सचे कैरोतले प्रतिनिधी डेव्हिड कर्कपॅट्रिक यांचं २०१८ चं ‘इन्टू द हँड्स ऑफ द सोल्जर्स’ हे पुस्तक या चित्रपटाच्या जोडीनं वाचावं, असं मी आग्रहानं सुचवीन. ओबामा सरकारात मुर्सींबद्दल कसं एकमत नव्हतं, संरक्षणमंत्री चक हेगेल सिसींशी फोनवर वारंवार कसे बोलत होते, आणि इस्राएल, सौदी आणि अमिरातीकडून मुर्सींविरुद्ध तक्रारींचा कसा ओघ लागला होता, हे त्यात आहे. मित्र म्हणाला होता ते रस्ते या पुस्तकात सापडतात.

चित्रपटाच्या शेवटी अहमद म्हणतो, अशा अर्थाचं काही, की आम्हाला नेता नको, सदसद्विवेक जागा असलेला समाज हवा. मुलीला ते वाक्य फार आवडलं, आणि मलाही. फक्त तो विवेक एकट्या तहरीर चौकात जागा होऊन भागत नाही, एवढंच मी तिला सांगितलं. जिथून रणगाडे येतात आणि जिथून चेक येतात, तिथेही तो थोडा जागा लागतो. त्यातल्या एका ठिकाणी ती आता मतदार आहे, आणि दुसऱ्या ठिकाणी, दुबईत आणि दोह्यात, आपल्यातल्या अनेकांचे भाऊ-बहिणी नोकरी करतात.

तिनं ते असाइनमेंटमध्ये लिहिलं की नाही, मी विचारलं नाही. माझ्या मित्राला मात्र फोन केला. नोकरी बदलून तो आता दुसऱ्या राज्यात असतो. राजकारणावर बोलत नाही, कारण आई अजून कैरोत आहे आणि दरवर्षी तिला भेटायला जायचं असतं. मी म्हटलं, “रस्ते सापडले.” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “बरं झालं. ते वडे कसे करतात, ते बायकोला एकदा लिहून पाठव.”

‘द स्क्वेअर’ जरूर पाहा, मुलं हायस्कूलमध्ये असतील तर त्यांच्याबरोबर पाहा. हिंसेचे काही प्रसंग आहेत, तयारी ठेवा. आणि संपल्यावर लगेच दिवे लावू नका. मुलं काय विचारतात, त्याची वाट पाहा.